२ जानेवारी की १४ जानेवारी? सोनोग्राफीने ठरलेल्या तारखेचा अनुभव

माझ्या गरोदरपणाच्या फाइलमध्ये प्रसूतीच्या पाच वेगवेगळ्या तारखा छापलेल्या आहेत : २, १०, १३, १४ आणि २३ जानेवारी २०२५. सहावी तारीख, ६ जानेवारी, सासूबाईंनी बोटांवर मोजून काढली होती आणि ती कुठेही छापलेली नाही. मी एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात काम करते. दोन वह्यांतील आकडे जुळले नाहीत तर मला झोप येत नाही, त्यामुळे हे नऊ महिने माझ्यासाठी जरा कठीणच गेले. यांपैकी नेमकी कोणती तारीख धरायची आणि बाकीच्यांचे काय करायचे, हे मला जसे टप्प्याटप्प्याने समजत गेले, तसे येथे लिहीत आहे.

८ मे २०२४ रोजी घरी केलेल्या चाचणीत दोन रेषा दिसल्या. शनिवारी, ११ मे रोजी, आम्ही धंतोलीतील एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेलो. धंतोलीत दवाखाने जितके आहेत तितकी गाडी लावायला जागा नाही, हे नागपूरकरांना सांगायला नको. पुढच्या सर्व खेपांना मी उज्ज्वलनगरहून मेट्रोने काँग्रेसनगरपर्यंत जाऊन तेथून ऑटो करत असे आणि ते कितीतरी सोपे पडले. डॉक्टर मॅडमनी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस विचारला. धुळवड २५ मार्चला होती आणि तिसऱ्या दिवशी पाळी आली होती, त्यामुळे २८ मार्च ही तारीख मी न अडखळता सांगितली. मॅडमनी टेबलावरची पुठ्ठ्याची चकती फिरवली आणि कागदावर लिहिले : प्रसूतीची संभाव्य तारीख २ जानेवारी. तपासणीचे ६०० रुपये झाले. फोलिक ॲसिड मी आधीपासूनच घेत होते, ते चालू ठेवायला सांगितले आणि आठवड्याभरात सोनोग्राफी करून यायला चिठ्ठी दिली.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी आपला हिशेब मांडला. त्या काटोलकडच्या आणि त्यांचे माप सरळ आहे, नऊ महिने नऊ दिवस. २८ मार्चपासून नऊ महिने म्हणजे २८ डिसेंबर आणि त्यावर नऊ दिवस म्हणजे ६ जानेवारी. मला गंमत वाटली म्हणून मी डॉक्टरांच्या चकतीमागचा नियम शोधला. एकोणिसाव्या शतकातील जर्मन प्रसूतितज्ज्ञ फ्रान्झ नेगेले यांच्या नावाने तो ओळखला जातो आणि तो सांगतो की पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने सात दिवस मिळवावेत. सासूबाई आणि नेगेले यांच्यात फक्त दोन दिवसांचे अंतर निघाले. चकती मात्र महिने मोजत नाही, ती सरळ २८० दिवस मोजते. कॅलेंडरचे महिने कमीजास्त दिवसांचे असल्यामुळे त्या दोन पद्धतींतही एकदोन दिवसांचा फरक पडतो. म्हणून माझी तारीख नेगेलेंच्या नियमाने ४ जानेवारी आणि चकतीने २ जानेवारी आली.

या सर्व मोजण्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि ती मला तेव्हा कोणी सांगितली नव्हती, किंवा सांगितली असल्यास माझे लक्ष नव्हते. हा हिशेब पाळी दर २८ दिवसांनी येते आणि साधारण चौदाव्या दिवशी बीजांड बाहेर पडते, असे मानून केलेला असतो. पाळी नियमित आहे का, असे मॅडमनी विचारले तेव्हा मी "अधूनमधून उशीर होतो" एवढेच म्हटले. वास्तविक माझ्या मोबाइलमध्ये आधीच्या वर्षाच्या सर्व नोंदी होत्या आणि त्यांत ३६, ३८, ४१ दिवसांची चक्रे स्पष्ट दिसत होती. पहिल्या भेटीला जाताना शेवटची एकच तारीख नव्हे, तर मागच्या पाचसहा पाळ्यांच्या तारखा लिहून न्याव्यात. माझे पुढचे दोन आठवडे ज्या काळजीत गेले, ती त्या एका कागदाने बरीच कमी झाली असती.

१६ मे रोजी सोनोग्राफी केंद्रात गेलो. पोटावरून तपासणी होईल या समजुतीने मी बाहेरच्या रणरणत्या उन्हात लिटरभर पाणी पिऊन बसले होते. त्याआधी कागदपत्रे झाली. डॉक्टरांची चिठ्ठी, आधार कार्डाची प्रत आणि त्यानंतर एफ फॉर्म. गर्भलिंगनिदानाला प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या कायद्याखाली गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीला हा फॉर्म भरावाच लागतो. नाव, वय, पत्ता, आधीची मुले किती आणि त्यांत मुलगे किती, मुली किती, शेवटची पाळी कधी, कोणी पाठवले, तपासणी कशासाठी, हे सर्व त्यात विचारतात. शेवटी गर्भाचे लिंग जाणून घेण्याची इच्छा नाही, अशा प्रतिज्ञापनावर स्त्रीची सही असते आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही तसेच लिहून द्यावे लागते. मला तोपर्यंत हा नुसता उपचार वाटत होता, पण हे कागद केंद्राला किमान दोन वर्षे जपून ठेवावे लागतात आणि त्यांतील त्रुटीसुद्धा कायद्याचा भंग ठरू शकते, हे कळल्यावर काउंटरवरील ताई पत्त्यातील पिनकोडसाठी एवढ्या का अडून बसल्या ते समजले. आधारवरचा पत्ता जुना असेल तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा सोबत ठेवावा. आमचा अर्धा तास त्यातच गेला.

आत गेल्यावर समजले की इतक्या लवकरच्या दिवसांत योनीमार्गे तपासणी केली तर चित्र अधिक स्पष्ट दिसते आणि तिला मूत्राशय रिकामे लागते. पोटावरून करायची असेल तर उलट, ते भरलेले लागते. वेळ घेतानाच फोनवर हे विचारून घेणे चांगले. योनीमार्गे तपासणीची मला धास्ती होती, पण ती चारपाच मिनिटांत आटोपली, दुखले असे म्हणता येणार नाही, आणि खोलीत पूर्णवेळ एक महिला मदतनीस होती. नसेल तर तसे मागण्याचा संकोच करू नये.

तपासणारे डॉक्टर बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले आणि नंतर म्हणाले, "तारखेप्रमाणे सात आठवडे व्हायला हवेत, पण तेवढे दिसत नाही." रिपोर्टमध्ये लिहिले होते की गर्भाशयात ८ मिलिमीटरची सॅक (गर्भाची पिशवी) आहे, तिच्यात योक सॅक (गर्भाला सुरुवातीला पोषण देणारी छोटी पिशवी) दिसते, गर्भांकुर (गर्भाचा पहिला आकार) दिसत नाही, अंदाजे वय ५ आठवडे २ दिवस, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासावे. १,२०० रुपये देऊन आम्ही बाहेर पडलो. मला त्या पायऱ्या कशा उतरले तेही आठवत नाही. बाळाची बारा दिवसांची वाढ कुठे गेली, एवढाच प्रश्न डोक्यात होता. घरी पोहोचेपर्यंत एका नातेवाइकांचा फोन आला की वाढ थांबलेली असते, उगाच वेळ घालवू नका, गोळ्या घेऊन मोकळे व्हा.

मॅडमनी तसे काहीही केले नाही, यासाठी मी त्यांची कायम ऋणी राहीन. त्यांनी मोबाइलमधील नोंदी पाहिल्या, थोड्या रागावल्या आणि कागदावर एक आडवी रेघ काढून समजावले. पाळी चाळीस दिवसांची असेल तर बीजांड चौदाव्या नव्हे, सव्विसाव्या दिवसाच्या आसपास बाहेर पडते. म्हणजे गर्भधारणाच बारा दिवस उशिरा झाली असणार आणि बाळ मागे पडलेले नसून मोजणीच बारा दिवस आधीपासून सुरू झालेली असणार. साधारण पाच आठवड्यांना सॅक, साडेपाचला योक सॅक आणि सहाव्या आठवड्यात गर्भांकुर व ठोके, असा क्रम असतो आणि माझे चित्र त्या क्रमात अगदी बरोबर बसत होते. अर्थात वाढ खरोखर थांबलेली असण्याची शक्यताही त्यांनी लपवली नाही. पण सॅकचा सरासरी व्यास २५ मिलिमीटर होऊनही आत गर्भ दिसला नाही, किंवा गर्भाची लांबी ७ मिलिमीटर होऊनही ठोके दिसले नाहीत, तरच एका तपासणीवरून तसा निष्कर्ष काढतात, आणि माझी सॅक तर ८ मिलिमीटरचीच होती. "चौदा दिवस काहीही करायचे नाही, हाच उपचार," असे त्या म्हणाल्या.

ते चौदा दिवस मी कसे काढले यावर फार लिहिण्यासारखे नाही. कार्यालयात जात राहिले. इंटरनेटवर रात्री वाचणे पाचव्या दिवशी बंद केले.

३० मे रोजी त्याच खोलीत, तोच एफ फॉर्म पुन्हा भरून, पडद्यावर तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे काहीतरी दिसले आणि त्याच्या मधोमध एक ठिपका लुकलुकत होता. ठोके मिनिटाला १४२. लांबी ११ मिलिमीटर, वय ७ आठवडे २ दिवस, प्रसूतीची तारीख १४ जानेवारी २०२५. चौदा दिवसांत वय बरोबर चौदा दिवसांनी वाढले होते. माझ्यासारख्या हिशेबनिसाला याहून मोठा दिलासा देणारी गोष्ट दुसरी नव्हती.

या लांबीला सीआरएल म्हणतात, म्हणजे गर्भाच्या डोक्यापासून बुडापर्यंतचे अंतर. ही मोजण्याची पद्धत ग्लासगो येथील ह्यू रॉबिन्सन यांनी १९७३ मध्ये मांडली आणि १९७५ मध्ये फ्लेमिंग यांच्यासह तिचा आलेख प्रसिद्ध केला. पहिल्या तीन महिन्यांत सर्व गर्भ जवळपास एकाच गतीने, दिवसाला साधारण एक मिलिमीटर, वाढतात. आई उंच असो वा ठेंगणी, त्याने फारसा फरक पडत नाही. म्हणून त्या काळातील लांबीवरून वय पाचसात दिवसांच्या चुकीत सांगता येते. पुढे प्रत्येक बाळ आपापल्या घराण्याच्या अंगलटीने वाढू लागते आणि मापावरून वय सांगणे अवघड होत जाते. डॉक्टर मंडळी वापरतात तो ठोकताळाही याच विचारावर आधारलेला आहे. पाळीनुसार नऊ आठवडे पूर्ण होण्याआधी फरक पाच दिवसांहून जास्त असेल, किंवा त्यानंतर चौदा आठवडे पूर्ण होईपर्यंत सात दिवसांहून जास्त असेल, तर सोनोग्राफीची तारीख धरायची, अन्यथा पाळीचीच ठेवायची. माझे पाळीने ९ आठवडे पूर्ण झालेले होते आणि फरक बारा दिवसांचा होता. मॅडमनी २ जानेवारीवर तिरकी रेघ मारली, वर १४ जानेवारी लिहिले, बाजूला "सोनोग्राफीनुसार सुधारित" असे लिहून सही केली आणि बजावले की आता ही तारीख बदलणार नाही, पुढच्या रिपोर्टमध्ये काहीही छापून येवो.

घरी मात्र नवा पेच उभा राहिला. रिपोर्टच्या कोपऱ्यात सोनोग्राफीनुसार शेवटच्या पाळीची तारीख ९ एप्रिल अशी छापलेली होती आणि ९ एप्रिल म्हणजे गुढीपाडवा. सासूबाईंनी तो कागद दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "अवं, पाडव्याले तर तूच गुढी उभी केली होती, मंग हा कागद असा कसा सांगते?" त्यांचे बरोबरच होते. ९ एप्रिलला माझी पाळी आलेलीच नव्हती. ती तारीख मागून काढलेली असते, म्हणजे बाळाच्या मापावरून वय काढायचे आणि २८ दिवसांचे चक्र असते तर पाळी कधी आली असती तो दिवस छापायचा. मी हे त्यांना समजावले. त्यांना ते पटले असावे असे वाटत नाही.

कार्यालयातील कामही याच वेळी निघाले. तेव्हा लागू असलेल्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळत होती आणि तिच्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या संभाव्य तारखेआधी घेता येत होते. मी उत्साहाच्या भरात पहिल्याच आठवड्यात २ जानेवारीचे प्रमाणपत्र देऊन १८ डिसेंबरपासून रजा मागितली होती. आता १४ जानेवारीचे दुसरे प्रमाणपत्र दिल्यावर मनुष्यबळ विभागाने विचारले की यांतील खरी तारीख कोणती. डॉक्टरांच्या लेटरहेडवर, नोंदणी क्रमांक आणि शिक्क्यासह, तारीख का बदलली याचे एक वाक्य लिहून आणावे लागले आणि रजा ३० डिसेंबरपासून सुरू करून घेतली. जुनी तारीख तशीच राहिली असती तर बाळासोबतचे बारा दिवस मी बाळ येण्याआधीच खर्च करून बसले असते. तेव्हा पहिल्या सोनोग्राफीआधी कार्यालयात कोणतीही तारीख लेखी देऊ नये.

महापालिकेच्या आरोग्य केंद्रात माता बाल संरक्षण कार्ड काढताना सिस्टरनी पाळीचा रकाना २८ मार्चच ठेवला आणि प्रसूतीच्या तारखेपुढे सोनोग्राफीची तारीख लिहिली. पाळी ज्या दिवशी आली तो दिवस बदलत नाही, बदलतो तो त्यावरून काढलेला अंदाज, असे त्यांनी सांगितले. एवढे नेमके मला तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेच्या अर्जातही पाळीची तारीख विचारतात. ती कार्डावर आहे तीच द्यावी, नाहीतर अर्ज अडकतो. पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात. माझ्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताईंच्या सुनेच्या सर्व सोनोग्राफी डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालयात विनाखर्च झाल्या. रांग मोठी असते, सकाळी लवकर जावे लागते, पण तपासणी तीच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, तीही विसरू नये.

तारीख सुधारल्याचा पहिला प्रत्यक्ष उपयोग जूनमध्येच झाला. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागील पाण्याचा थर मोजणारी सोनोग्राफी, ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळात, बाळाची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असतानाच करतात. जुन्या तारखेने मी २० जूनला गेले असते तर तेव्हा प्रत्यक्षात सव्वादहा आठवडेच झालेले असते आणि पैसे देऊन परत यावे लागले असते. ५ जुलैला गेले. लांबी ६२ मिलिमीटर, वय १२ आठवडे ४ दिवस, तारीख १३ जानेवारी. स्कॅनचे २,२०० आणि सोबतच्या डबल मार्कर रक्ततपासणीचे (बाळात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता पाहणाऱ्या) २,४०० रुपये झाले. एका दिवसाच्या फरकाकडे मॅडमनी पाहिलेही नाही.

२९ ऑगस्टच्या ॲनोमली स्कॅनला, म्हणजे बाळाच्या अवयवांत काही दोष नाही ना हे पाहणाऱ्या सोनोग्राफीला, २,८०० रुपये लागले आणि तारीख आली १० जानेवारी. येथे लांबी मोजत नाहीत. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीचे हाड अशी चार मापे घेऊन यंत्र त्यांची सरासरी काढते. रिपोर्टवर मापांपुढे "हॅडलॉक" असे छापलेले असते, ते कोणत्या आजाराचे नाव नसून ज्यांच्या तक्त्यावरून वय काढले त्यांचे नाव असते. मी ते आजाराचे नाव समजून रात्री अकराला मैत्रिणीला फोन केला होता.

खरा घोळ नोव्हेंबरात झाला. २० तारखेला विधानसभेचे मतदान असल्याने केंद्र बंद होते, म्हणून २१ ला बाळाची वाढ पाहणारा ग्रोथ स्कॅन झाला. माझ्या हिशेबाने ३२ आठवडे २ दिवस आणि रिपोर्टने ३१ आठवडे, तारीख २३ जानेवारी. रिपोर्ट हातात घेऊन मी पुन्हा मे महिन्यात जाऊन पोहोचले. मॅडमनी शांतपणे सांगितले की अठ्ठावीस आठवड्यांनंतरची सोनोग्राफी तारखेसाठी नसतेच, तिच्यात तीन आठवड्यांपर्यंत चूक होऊ शकते. ती पाहायची बाळाचा आकार, बाळाभोवतीचे पाणी आणि रक्तप्रवाह यांसाठी. तारीख पक्की असल्यामुळेच बाळ नऊ दिवसांनी लहान दिसते आहे हे आपल्याला कळते. दर वेळी तारीख पुढे ढकलत गेलो तर वाढ कमी असलेले बाळही कागदावर नेहमी वेळेवरच दिसेल. हा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता. तीन आठवड्यांनी पुन्हा माप घेतले, वाढ आपल्या रेषेत सुरू होती, आणखी १,४०० रुपये गेले.

जानेवारी आला. २ तारीख गेली, सासूबाईंची ६ तारीख गेली. शेजारून रोज विचारणा होऊ लागली. १४ ला संक्रांत होती. नायलॉन मांजाच्या भीतीने दिवसभर घरातच बसलो, तिळगूळ वाटला, काही झाले नाही. ठरलेल्या नेमक्या दिवशी शंभरातील चारपाच बाळेच जन्मतात, हे मला तोवर पाठ झाले होते. १५ ला तपासणीत पाणी आणि ठोके उत्तम निघाले आणि मॅडमनी २१ पर्यंत, म्हणजे ४१ आठवडे पूर्ण होईपर्यंत, वाट पाहू असे सांगितले. २ जानेवारीच धरून बसलो असतो तर ४१ आठवडे ९ तारखेलाच संपले असते आणि कळा आणण्यासाठी मला तेव्हाच दाखल करून घेतले असते.

१६ च्या रात्री दीड वाजता कळा सुरू झाल्या आणि १७ जानेवारीला सकाळी मुलगी झाली. वजन २ किलो ९०० ग्रॅम. डिस्चार्ज कार्डावर गर्भाच्या वयापुढे ४० आठवडे ३ दिवस लिहिलेले आहे.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी पुन्हा बोटे मोजली, या वेळी पाडव्यापासून. ९ एप्रिलपासून नऊ महिने म्हणजे ९ जानेवारी आणि वर नऊ दिवस म्हणजे १८. "एकच दिवस आधी आली," असे म्हणून त्यांनी नातीला मांडीवर घेतले. पाडव्याला गुढी कोणी उभी केली होती, याची आठवण मी त्यांना करून दिली नाही.